प्रोसेसरचे व्होल्टेज उतरवणारे सॉफ्टवेअर व्हीबीएसमुळे अडते तेव्हा: कुलूप नेमके कोणते, ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपमध्ये इंटेलचा दहाव्या पिढीचा कोअर आय-७ १०७५०एच प्रोसेसर आहे. पूर्वी एक्सटीयू, म्हणजे इंटेलच्या एक्स्ट्रीम ट्यूनिंग युटिलिटीने, त्याचे व्होल्टेज ८० मिलिव्होल्टने उतरवता येत असे आणि त्यामुळे तापमान आटोक्यात राहत असे. विंडोज ११ नव्याने बसवल्यापासून एक्सटीयू उघडताना व्हर्च्युअलायझेशनवर आधारित सुरक्षा, म्हणजे व्हीबीएस, चालू असल्याचा संदेश देऊन बंद होते आणि थ्रॉटलस्टॉप या तशाच दुसऱ्या साधनात व्होल्टेजचा विभाग 'लॉक्ड' दिसतो. या सुरक्षेतील मेमरी इंटिग्रिटी ही सोय बंद करून पाहिली, तरी विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ही सुरक्षा 'रनिंग' असल्याचेच दिसते. ती पूर्णपणे बंद कशी करायची आणि ती बंद करणे कितपत योग्य आहे, असे दोन प्रश्न विचारले आहेत.

माझे उत्तर दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच ठरते. तुमच्या लॅपटॉपवर व्होल्टेज बदलण्याची वाट एकाहून अधिक ठिकाणी अडलेली असू शकते आणि विंडोजची सुरक्षा हे त्यांपैकी केवळ एक ठिकाण आहे. बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्रॅममध्येच, ही वाट बंद केलेली असेल, तर विंडोजमधली सगळी सुरक्षा उतरवून ठेवली तरी व्होल्टेज एका मिलिव्होल्टनेही हलणार नाही. लॅपटॉप मात्र पूर्वीपेक्षा असुरक्षित होऊन बसेल. अशा अवस्थेत महिनोन्महिने चालणारे लॅपटॉप मी पाहिले आहेत. मालकाने सूचना वाचून एकेक संरक्षण बंद केलेले असते, उपयोग झालेला नसतो, आणि बंद केलेले पुन्हा चालू करण्याचे राहून गेलेले असते. म्हणून आधी निदान, मग बदल, हा क्रम मी कोणत्याही परिस्थितीत सोडत नाही.

निदान नीट होण्यासाठी आत काय घडते हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रोसेसरच्या अंतर्गत नियंत्रणासाठी मॉडेल स्पेसिफिक रजिस्टर, म्हणजे एमएसआर, नावाच्या नोंदी असतात. इंटेलच्या ज्या पिढ्यांबद्दल आपण बोलत आहोत त्यांत व्होल्टेज कमी-जास्त करण्याची आज्ञा षोडशमान पद्धतीतील १५० क्रमांकाच्या एमएसआरमधून जाते. कोअर, ग्राफिक्स, कॅशे, सिस्टिम एजंट असे विभाग या आज्ञेत क्रमांकाने निवडले जातात आणि बदल एका व्होल्टच्या १०२४ व्या भागाच्या पटीत लिहिला जातो. म्हणूनच ८० मिलिव्होल्ट मागितले की प्रत्यक्षात ८२ भाग लिहिले जातात आणि थ्रॉटलस्टॉप उणे ८०.१ दाखवतो. एमएसआरमध्ये लिहिण्याचा अधिकार सामान्य प्रोग्रॅमला नसतो, तो फक्त कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, असतो. त्यामुळे एक्सटीयू असो वा थ्रॉटलस्टॉप, प्रत्येकाला स्वतःचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसवावा लागतो आणि प्रत्यक्ष लेखन तो ड्रायव्हर करतो.

या साखळीत पहिली अडचण ड्रायव्हरपाशीच येऊ शकते. मेमरी इंटिग्रिटी, जिला तांत्रिक भाषेत एचव्हीसीआय म्हणतात, कर्नलमध्ये येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची तपासणी एका वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात करते आणि तिचे नियम न पाळणारा ड्रायव्हर चढूच देत नाही. याशिवाय सदोष ठरलेल्या ड्रायव्हरांची एक प्रतिबंधित यादी मायक्रोसॉफ्ट ठेवते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून ही यादी मुळातच चालू असते. ट्यूनिंगची अनेक जुनी साधने विनरिंगझीरो नावाचा ड्रायव्हर वापरत असत; त्यातील त्रुटी सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२०-१४९७९ या क्रमांकाने नोंदलेली आहे आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा ड्रायव्हर धोकादायक म्हणून पकडू लागला. या अडचणीची खूण स्पष्ट असते: प्रोग्रॅम ड्रायव्हर सुरू करता आला नाही अशी तक्रार करतो आणि विंडोजमधील घडामोडी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील कोड इंटिग्रिटीच्या नोंदवहीत त्या ड्रायव्हरच्या फाइलचे नाव सापडते. यावर उपाय साधनाची नवी आवृत्ती घेणे हा आहे. त्यासाठी मेमरी इंटिग्रिटी बंद करणे चुकीचे ठरेल, कारण दोष त्या ड्रायव्हरमध्येच असतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि तुमच्या बाबतीत ती निश्चितच आहे. व्हीबीएस चालू असताना विंडोज थेट प्रोसेसरवर चालत नाही. आधी मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर, म्हणजे प्रोसेसर आणि विंडोज यांच्यामध्ये राहणारा नियंत्रक प्रोग्रॅम, उभा राहतो आणि विंडोजचे नेहमीचे कर्नल त्याच्या वर, त्याच्या देखरेखीखाली चालते. शेजारी एक लहान सुरक्षित कर्नल असते, ज्याच्या स्मृतीला मुख्य विंडोजही हात लावू शकत नाही. या रचनेत ड्रायव्हरने एमएसआरमध्ये लिहिण्याची आज्ञा दिली की प्रोसेसर ती परस्पर पार न पाडता नियंत्रण हायपरवायझरकडे सोपवू शकतो आणि ती आज्ञा पुढे जाऊ द्यायची की नाही हे हायपरवायझर ठरवतो. व्होल्टेजच्या आज्ञेला तो वाट देत नाही. ड्रायव्हर नीट चढलेला असतो, प्रोग्रॅम उघडतो, सरकपट्टी सरकते, पण प्रोसेसरपर्यंत काहीच पोहोचत नाही.

येथे एक बारकावा आहे आणि पुष्कळ लोकांचा घोटाळा नेमका त्यातच होतो. व्हीबीएस चालू असणे आणि हायपरवायझर चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हीबीएसला हायपरवायझर लागतोच, परंतु हायपरवायझरला व्हीबीएस लागत नाही. हायपर-व्ही, विंडोज सँडबॉक्स, किंवा लिनक्ससाठीच्या डब्ल्यूएसएल-२ ला आवश्यक असणारा व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म यांपैकी एकही घटक बसवलेला असला तरी संगणक सुरू होताना हायपरवायझर उभा राहतो. एक्सटीयू व्हीबीएसची स्थिती विचारते. म्हणून व्हीबीएस बंद केल्यावर ती उघडेलही, पण डब्ल्यूएसएल-२ शिल्लक असेल तर व्होल्टेज तरीही बदलणार नाही. 'सगळे बंद केले, प्रोग्रॅम उघडतो, पण आकडा लागू होत नाही' अशा तक्रारीमागे अनेकदा हेच कारण निघते.

तिसरी अडचण बायोसमधली. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ, बेल्जियममधील केयू ल्यूव्हेन आणि ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्र विद्यापीठ यांच्याशी संबंधित संशोधकांनी प्लंडरव्होल्ट हा हल्ला प्रसिद्ध केला. व्होल्टेज योग्य क्षणी नेमके इतके उतरवायचे की प्रोसेसर बंद पडू नये, पण त्याच्या गुणाकारात किंवा एईएस सांकेतीकरणात चूक व्हावी. आणि त्या चुकलेल्या उत्तरांवरून एसजीएक्स या इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातील गुप्त किल्ली काढून घ्यायची, असा तो हल्ला होता. यासाठी त्यांनी वापरले ते हेच १५० क्रमांकाचे रजिस्टर. त्रुटीला सीव्हीई-२०१९-१११५७ हा क्रमांक मिळाला. सहाव्या ते दहाव्या पिढीचे कोअर प्रोसेसर तिच्या कक्षेत येत होते आणि इंटेलने मायक्रोकोड व बायोसच्या अद्ययावतीकरणातून व्होल्टेजची वाट बंद करण्याची सोय दिली. पुढील काळात अनेक लॅपटॉप उत्पादकांनी ती वाट बायोसमध्ये कायमची बंद करून टाकली. बाराव्या पिढीपासून याच विचाराला अंडरव्होल्ट प्रोटेक्शन असे रीतसर नाव आणि स्वतंत्र यंत्रणा मिळाली: ती चालू असताना विंडोज चालू असतानाच्या कोणत्याही प्रोग्रॅमला व्होल्टेज उतरवता येत नाही, मात्र बायोसमध्येच उत्पादकाने तसा पर्याय दिलेला असेल तर तो चालतो.

आता तुमच्या वर्णनाकडे परत येतो. विंडोज नव्याने बसवल्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असू शकतात. विंडोज ११ कोऱ्या डिस्कवर बसवताना योग्य हार्डवेअरवर मेमरी इंटिग्रिटी आपोआप चालू होते, ही पहिली. दुसरी लक्षात येत नाही: अनेक उत्पादकांचे बायोसचे अद्ययावतीकरण विंडोज अपडेटमधूनच येते, आणि नव्या स्थापनेनंतरच्या पहिल्या अद्ययावतीकरणांत ते नकळत बसून गेलेले असू शकते. म्हणून सर्वप्रथम सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोसची आवृत्ती व दिनांक पाहा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहा. व्होल्टेज पूर्वी बदलता येत होते याचा अर्थ त्या वेळच्या बायोसमध्ये वाट उघडी होती, एवढाच होतो.

वाट बायोसमध्ये बंद आहे का, हे विंडोजच्या आतून तपासण्यावर मी भरवसा ठेवत नाही, कारण हायपरवायझर चालू असताना प्रोग्रॅमला मिळणारे उत्तर थेट प्रोसेसरचे असेलच असे नाही. थ्रॉटलस्टॉपने 'लॉक्ड' म्हटले तर ते दुसऱ्या अडचणीमुळे की तिसऱ्या, हे त्या शब्दावरून सांगता येत नाही. तपासणीच्या दोन पद्धती आहेत. कोणतीही निवडा, पण त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेची, अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की हाताशी आहे याची खात्री करा. विंडोजच्या होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने हीच यंत्रणा चालू असू शकते आणि तेव्हा ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बायोसमधील किंवा सुरू होण्याच्या प्रक्रियेतील बदलानंतर संगणकाने ती मागितली आणि ती नसली, तर डिस्कवरील सर्व माहिती हातची जाते. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. या कामातले खरे नुकसान व्होल्टेजने नव्हे तर याच चुकीने होते.

पहिली पद्धत: बिटलॉकर तात्पुरता स्थगित करा, बायोसमध्ये जाऊन इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, म्हणजे व्हीटी-एक्स, हा पर्याय बंद करा, इंटरनेट तोडून विंडोज सुरू करा. व्हीटी-एक्सशिवाय हायपरवायझर उभाच राहू शकत नाही, त्यामुळे विंडोजमधील एकाही सेटिंगला हात न लावता दुसरी अडचण तेवढ्यापुरती नाहीशी होते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये व्हीबीएस 'एनेबल्ड बट नॉट रनिंग' असे दिसायला हवे. आता थ्रॉटलस्टॉप उघडून एफआयव्हीआर हा व्होल्टेजचा विभाग पाहा आणि कोअर व कॅशे या दोघांना उणे १५ मिलिव्होल्टसारखा अगदी सौम्य बदल देऊन पाहा. शेजारच्या तक्त्यात तो आकडा लागू झालेला दिसला, तर बायोस मोकळा आहे. 'लॉक्ड' हा शब्द कायम राहिला, तर कुलूप बायोसचे आहे. तपासणी झाली की व्हीटी-एक्स परत चालू करा.

काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्हीटी-एक्सचा पर्यायच दिलेला नसतो. तेथे दुसरी पद्धत उपयोगी पडते: लिनक्सचे लाइव्ह यूएसबी लावून संगणक त्यावरून सुरू करा, एमएसआर-टूल्स हे पॅकेज घ्या आणि षोडशमान १९४ क्रमांकाचे रजिस्टर वाचा. त्यातील २० क्रमांकाचा बिट हे ओव्हरक्लॉकिंग लॉक आहे. मिळालेल्या षोडशमान आकड्यात उजवीकडून सहावा अंक विषम (१, ३, ५, ७, ९, b, d किंवा f) असेल तर कुलूप लागलेले आहे. तो सम असेल किंवा आकडा सहा अंकांपर्यंत पोहोचतच नसेल तर लागलेले नाही. सिक्युअर बूट, म्हणजे स्वाक्षरी असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारे संरक्षण, चालू असताना लिनक्सचे कर्नल एमएसआरमध्ये लिहू देत नाही, परंतु वाचू देते, त्यामुळे या तपासणीसाठी तेही बंद करावे लागत नाही. मला ही पद्धत अधिक आवडते, कारण हिच्यात विंडोजच्या संरक्षणाला क्षणभरही धक्का लागत नाही.

समजा बायोस मोकळा निघाला. मग तुमचा पहिला प्रश्न, व्हीबीएस कशी बंद करायची, याला अर्थ येतो. मेमरी इंटिग्रिटी बंद करूनही ती 'रनिंग' दिसते याचे कारण मेमरी इंटिग्रिटी ही व्हीबीएसच्या आधाराने चालणाऱ्या सेवांपैकी केवळ एक आहे. सिस्टिम इन्फर्मेशनच्या त्याच पानावर चालू असलेल्या सेवांची स्वतंत्र ओळ असते, ती वाचा. तेथे क्रेडेन्शियल गार्ड, म्हणजे साइन-इनची गुप्त माहिती जपणारी सेवा, असेल तर लॅपटॉप संस्थेच्या व्यवस्थापनाखाली असण्याची शक्यता मोठी आहे, कारण विंडोज ११ च्या २२एच२ पासून एंटरप्राइझ व एज्युकेशन आवृत्त्यांत, डोमेनला जोडलेल्या संगणकांवर, ती मुळातच चालू होते. तसे असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: संस्थेच्या संगणकावरील ही सेटिंगे स्वतः बदलू नका, संबंधित विभागाला विचारा. ती ओळ रिकामी असूनही व्हीबीएस चालू असेल, तर ग्रुप पॉलिसीतील डिव्हाइस गार्ड विभाग किंवा रजिस्ट्रीतील त्याच नावाची नोंद तिला चालू ठेवत असते. विंडोज हॅलोची (चेहरा किंवा बोटाचा ठसा ओळखून साइन-इन करू देणाऱ्या सोयीची) वाढीव सुरक्षा देणाऱ्या लॅपटॉपवर ती सोयही व्हीबीएसच्या आधारानेच चालते. ती तपासायची राहून जाते.

यूईएफआय लॉकसह चालू केलेली व्हीबीएस हा आणखी एक प्रकार आहे. तिथे रजिस्ट्री बदलून काहीच होत नाही, कारण सेटिंग संगणकाच्या फर्मवेअरमध्ये साठवलेली असते. ती काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेली वेगळी प्रक्रिया आहे, जिच्यात पुढच्या वेळी संगणक सुरू होताना पडद्यावर विचारणा होते आणि समोर बसलेल्या माणसाने कळ दाबून होकार द्यावा लागतो. ही विचारणा मुद्दाम ठेवलेली आहे, म्हणजे एखाद्या घातक प्रोग्रॅमला परस्पर हे संरक्षण काढता येऊ नये. घरगुती लॅपटॉपवर हा प्रकार सहसा आढळत नाही.

या सगळ्यात मी सुचवतो तो मार्ग असा. मूळ विंडोज जशी आहे तशी ठेवा, मेमरी इंटिग्रिटीही परत चालू करा, आणि बीसीडी-एडिट या आज्ञेने सुरुवातीच्या यादीत सध्याच्या नोंदीची एक प्रत तयार करा. त्या प्रतीत हायपरवायझर लाँच टाइप हे मूल्य 'ऑफ' करा. जरूर पडली तर व्हीएसएम लाँच टाइप हेही. आता संगणक सुरू होताना दोन पर्याय येतील: एक नेहमीचा, संपूर्ण संरक्षणासह, आणि दुसरा हायपरवायझरशिवायचा. जड काम, खेळ किंवा चित्रफितींचे रूपांतर करायचे तेव्हा दुसरा निवडा; बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार आणि अनोळखी फाइली यांसाठी पहिला. डब्ल्यूएसएल-२ देखील पहिल्या पर्यायात पूर्वीसारखेच चालेल, काही विस्थापित करावे लागणार नाही. बदल करण्याआधी बिटलॉकर स्थगित करण्याचे येथेही विसरू नका. दुसऱ्या पर्यायात सुरू केल्यावर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'हायपरवायझर हॅज बीन डिटेक्टेड' ही ओळ नाहीशी झाली आहे का ते पाहा. ती राहिली असेल तर वर सांगितलेल्यांपैकी एखादी सक्तीची सेटिंग अजून शिल्लक आहे.

हे दोन पर्यायांचे ओझे कशासाठी, असे वाटेल, म्हणून संरक्षण कोणते जाते ते सांगणे माझे कर्तव्य आहे. आजचे खंडणीखोर हल्ले करणारे लोक वैध स्वाक्षरी असलेला पण सदोष ड्रायव्हर सोबत आणतात, तो कर्नलमध्ये बसवतात आणि त्याच्या आधारे अँटिव्हायरस बंद पाडतात. मेमरी इंटिग्रिटी आणि प्रतिबंधित ड्रायव्हरांची यादी यांचा रोख नेमका या प्रकारावर आहे. आणि हे आपल्या विषयापासून दूरही नाही: थ्रॉटलस्टॉपच्या ड्रायव्हरमधील सीव्हीई-२०२५-७७७१ या त्रुटीचा असाच गैरवापर झाल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. म्हणून हे साधन वापरायचेच असेल तर सर्वांत नवी आवृत्ती, अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि जुन्या आवृत्तीची फोल्डरे डिस्कवर ठेवू नका.

बदल्यात मिळते काय, तेही मोजून पाहू. प्रोसेसरचा गतिक वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. भाराखाली १.१ व्होल्ट लागत असतील आणि त्यातून ८० मिलिव्होल्ट कमी झाले, तर त्याच वारंवारतेला त्या भागाची वीज सुमारे १४ टक्क्यांनी घटते. पातळ लॅपटॉपमध्ये, जिथे १०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेला टेकून प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करत असतो, तिथे हा फरक प्रत्यक्ष जाणवतो. तुमची मागणी अवाजवी नाही, हे मी आवर्जून लिहितो. उष्णता कमी करणे ही लॅपटॉपच्या आयुष्यासाठीही चांगलीच गोष्ट आहे.

आता दुसरी शक्यता: बायोसमध्येच कुलूप आहे. अशा वेळी व्हीबीएसला हात लावण्याचे काहीच कारण उरत नाही. बंद केलेली मेमरी इंटिग्रिटी आधी परत चालू करा. त्यानंतर उत्पादकाच्या नव्या बायोसमध्ये व्होल्टेजचा पर्याय आहे का ते पाहा, कारण काही उत्पादकांनी, विशेषतः खेळांसाठीच्या मालिकांत, तो दिलेला आहे. बायोसमधून उतरवलेले व्होल्टेज हायपरवायझर उभा राहण्यापूर्वीच लागू होते, त्यामुळे संरक्षण आणि थंडावा दोन्ही मिळतात. असा पर्याय उपलब्ध असेल तर एक्सटीयू व थ्रॉटलस्टॉप दोन्ही विसरून जा. बायोसच्या जुन्या आवृत्तीवर परत जाणे काही लॅपटॉपवर शक्य असते, काहींवर उत्पादकाने ते रोखलेले असते. शक्य असले तरी त्या जुन्या आवृत्तीबरोबर मधल्या काळात बुजवलेल्या इतर सगळ्या त्रुटी परत येतात, आणि मी तो सौदा करणार नाही. बायोसमधील लपलेली सेटिंगे यूईएफआय शेलमधून पत्ता देऊन बदलण्याच्या कृतीही प्रचलित आहेत. त्यांतील पत्ते प्रत्येक मॉडेलला आणि बायोसच्या प्रत्येक आवृत्तीला वेगळे असतात. दुसऱ्याच्या लॅपटॉपचा पत्ता आपल्यावर वापरला तर लॅपटॉप सुरूच न होण्याची वेळ येते आणि चिप बाहेरून नव्याने लिहून घ्यावी लागते. ज्याच्याकडे ते उपकरण आणि मूळ बायोसची प्रत दोन्ही नाहीत, त्याने या वाटेला जाऊ नये.

कुलूपबंद लॅपटॉपवरही उष्णता कमी करता येते. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केले की टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाणे, पूर्ण थांबतो आणि १०७५०एच आपल्या मूळ २.६ गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो. हा उपाय रांगडा आहे, पण तत्काळ लागू पडतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे पॉवर-सीएफजी या आज्ञेने मॅक्सिमम प्रोसेसर फ्रिक्वेन्सी ही लपलेली सेटिंग दृश्यमान करून ती ३.६ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या दरम्यान ठेवणे. टर्बोच्या वरच्या टोकाला शेवटच्या काही शे मेगाहर्ट्झसाठी प्रोसेसर व्होल्टेज झपाट्याने चढवतो, त्यामुळे तेवढा वेग सोडून दिल्यास वेगाच्या मानाने वीज कितीतरी अधिक वाचते. व्होल्टेजला हात न लावता व्होल्टेज उतरवण्याचाच हा एक मार्ग आहे, आणि तो व्हीबीएस चालू असताना, कोणताही ड्रायव्हर न बसवता चालतो. उत्पादकाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधील शांत किंवा संतुलित मोडही बहुधा वीजमर्यादाच कमी करतो. चार-पाच वर्षे जुन्या लॅपटॉपमध्ये पंख्यातील धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट यांचा वाटा ८० मिलिव्होल्टपेक्षा मोठा असू शकतो, तेव्हा तेही पाहून घ्या.

एएमडीच्या प्रोसेसरवर तपशील वेगळे आहेत. तेथे रायझन मास्टरच्या बऱ्याच आवृत्त्या व्हीबीएस चालू असताना सुरू होत नाहीत, पण मुळात ते साधन फार थोड्या लॅपटॉप प्रोसेसरांना लागू आहे. निदानाचा क्रम मात्र तोच ठेवा.

बायोस मोकळा निघाला आणि दुसऱ्या पर्यायातून व्होल्टेज बदलू लागले, तर पूर्वीचा उणे ८० हा आकडा डोळे झाकून लावू नका. तुमच्या प्रोसेसरमध्ये कोअर आणि कॅशे यांना एकाच वाटेने वीज मिळते. एकाचेच व्होल्टेज उतरवले तर दुसऱ्याच्या मागणीप्रमाणे वरचे व्होल्टेज कायम राहते आणि परिणाम दिसत नाही. म्हणून दोघांना सारखाच आकडा द्या. उणे ४० पासून सुरुवात करा, दहा-दहाने उतरा आणि चाचणीच्या काळात थ्रॉटलस्टॉपमध्ये मूल्ये साठवू नका, म्हणजे संगणक अडकला तरी पुन्हा सुरू केल्यावर मूळ व्होल्टेज परत येईल. केवळ पूर्ण भाराची चाचणी पुरेशी समजू नका. अस्थिरता बऱ्याचदा हलक्या भाराखाली उघडी पडते, जेव्हा एकच कोअर सर्वोच्च वेगाने क्षणभर धावतो. त्यामुळे नेहमीचे काम, झोपेतून जागे होणे आणि चार्जर काढणे-लावणे हे सगळे एक-दोन दिवस करून पाहा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगर (WHEA-Logger) या नावाची, हार्डवेअरमधील चूक सांगणारी, एकही नोंद आली तर संगणक वरवर ठीक चालत असला तरी आकडा जास्त झाला आहे असे समजा आणि १५ मिलिव्होल्टने माघार घ्या. निळा पडदा येण्याची वाट पाहू नका, कारण त्याआधी चुकीची गणना होऊन फाइली बिघडलेल्या असू शकतात.

शेवटी एक तपासणी नियमित ठेवा. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर सुरुवातीच्या यादीतील नोंदी किंवा सुरक्षेची सेटिंगे बदललेली असू शकतात, आणि तसे झाले तर थ्रॉटलस्टॉप तुमचा आकडा दाखवत राहील, पण तो लागू झालेला नसेल. मागितलेला आकडा आणि प्रत्यक्ष लागू झालेला आकडा हे त्या तक्त्यात वेगळे दिसतात. नजर दुसऱ्यावर ठेवा. नवे बायोस येणार असेल तर ते बसवण्यापूर्वी त्याची टिपणे वाचा आणि बसवल्यावर १९४ क्रमांकाचे रजिस्टर पुन्हा एकदा वाचा. तुमच्या तपासणीत त्या रजिस्टरचा जो आकडा येईल तो, बायोसच्या आवृत्तीसह, कळवा. पुढचे पाऊल त्यावरून नेमके सांगता येईल.